तिसऱ्या अंकाची फाइल

"लोक काय म्हणतील, आई?" सुकुमार म्हणाला आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.

इंदूताई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी पहिल्या बाकावर मांडीवर संहिता घेऊन बसले होते. हळूच पुरवलं, "लोक येतात ते..." त्यांनीही म्हटलं, "लोक येतात ते," आणि गाडी पुन्हा जागेवर. त्या संध्याकाळची ही चौथी वेळ होती.

रसाळ सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्याच चित्रकलेच्या वर्गात, बाक भिंतीला लावून, आमच्या तालमी चालायच्या, रोज सात ते नऊ. नाटक त्यांनीच लिहिलेलं, बसवतही तेच होते. साठीची एक विधवा बाई पुन्हा लग्न करायचं ठरवते आणि मुलगा तिला अडवायला येतो, असं ते नाटक; आई इंदूताई, मुलगा सुकुमार. तिसऱ्या अंकात आईचं दीड पानाचं भाषण होतं आणि सगळं नाटक त्या दीड पानावर उभं होतं. स्पर्धेला महिना राहिला होता.

"इंदूताई, दहा दिवस," सर म्हणाले. "दहाव्या दिवशी मला सगळं नाटक सलग हवं. हातात कागद नाही, प्रॉम्प्टिंग नाही. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर आईचं काम पद्मजा करेल. तिला सगळं पाठ आहे."

पद्मजा म्हणजे मी, पद्मजा मगदूम. वय तेव्हा सव्वीस. दिवसा सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायची आणि संध्याकाळी प्रॉम्प्टर. चार वर्षं विंगेत उभी राहून दुसऱ्यांची वाक्यं ओठांत घोळवत होते, पण रंगमंचाच्या उजेडात पाऊल नव्हतं टाकलं. खोटं कशाला बोलू, सरांचं ते वाक्य ऐकून माझ्या मनात लाडू फुटले. केसांना पावडर लावली की साठीची दिसेन, आवाज जरा खाली घेतला की झालं, एवढं सगळं मी दोन मिनिटांत ठरवूनही टाकलं. आणि मग इंदूताईंना स्कूटीवर मागं बसवून विश्रामबागेत त्यांच्या घरी सोडायला निघाले, रोजच्यासारखी.

घरी पोचल्यावर म्हणाल्या, चहा घेऊन जा. चहा टाकता टाकता त्यांनी सांगितलं की उद्या त्या स्वतःच सरांना फोन करणार आहेत. दहा दिवस कशाला, आत्ताच काम पद्मजाला द्या.

"आणि तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"मी काय, टीव्ही आहे की."

त्यांनी हे हसत म्हटलं, पण मला ते हसणं आवडलं नाही. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा एकेक निघालं. तीस वर्षं त्या हौशी नाटकांत कामं करत होत्या, आणि तीस वर्षं त्यांचं पाठांतर त्यांच्या यजमानांनी, तगारेकाकांनी करून घेतलं होतं. काका सकाळी आरशासमोर दाढी करायचे आणि साबणाच्या फेसातून समोरच्या पात्राची वाक्यं म्हणायचे. इंदूताई स्वयंपाकघरातून उत्तरं द्यायच्या. काका कधी नाटकात उभे राहिले नाहीत, पण सासरा, वकील, खलनायक, सून सगळं करायचे. सुनेला आवाज बारीक काढायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यानंतरचं हे ताईंचं पहिलंच नाटक.

"वाचते गं मी रोज," त्या म्हणाल्या. "अक्षरं दिसतात. पण समोरून कुणी बोलतच नाही, तर मी उत्तर कुणाला देऊ? दिवसभरात माणसाशी बोलणं होतं ते तुमच्या सात ते नऊ या वेळात. तेवढंच माझं होतं. असू दे."

आता माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला मोडकं काही बघवत नाही. वडील रक्तदाबाची गोळी विसरायचे, तर त्यांच्या मोबाइलवर मी अलार्म लावला आणि त्याला नाव दिलं, 'अण्णा, गोळी घेतल्याशिवाय चहा नाही.' लॅबमध्ये एकच वाक्य दिवसातून दोनशे वेळा टाइप व्हायचं, ते मी दोन अक्षरांवर आणून ठेवलं. दोन अक्षरं दाबली की अख्खं वाक्य हजर. त्या दिवसापासून आम्ही सगळे वेळेवर घरी जायला लागलो. आमच्या नाट्यसंस्थेत मला अलार्मबाई म्हणायचे. म्हणू देत, चहापाण्याची यादी कुणाच्या मोबाइलमध्ये सापडायची?

तर त्या स्वयंपाकघरात ताईंचं बोलणं ऐकता ऐकता माझ्या डोक्यात एकदम लखलखाट झाला. इंदूताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. एकतीस वर्षं. कानाला हेडफोन लावून. एके काळी गावातले चारशे नंबर त्यांना तोंडपाठ होते आणि नुसत्या "हॅलो"वरून माणूस ओळखायच्या. अहो, ज्या बाईच्या कानात एकतीस वर्षं गाव बोललं, तिला आपण डोळ्यांनी पाठ करायला सांगतोय! चूक ताईंची नव्हतीच. चूक आमच्या पद्धतीची होती.

"सरांना फोन करायचा नाही," मी म्हटलं. "मला दोन दिवस द्या." चहा तसाच टाकून मी निघाले. भूमिकेचं काय, ते त्या क्षणी डोक्यातही नव्हतं. नंतर आलं. ते पुढं सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅब रिकामी असते तेव्हा मी दार लावून कामाला बसले. कॉम्प्युटरवर आवाज कापायचं, जोडायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात आवाज रेषेसारखा दिसतो. माणूस बोलला की रेष फुगते, थांबला की सपाट. मी सगळं नाटक वाचून रेकॉर्ड केलं, सगळी पात्रं, ताईंचीसुद्धा. मग ताईंच्या वाक्यांवर गेले आणि तेवढा तेवढा आवाज पुसून टाकला. जागा तशीच ठेवली. म्हणजे मुलगा विचारणार, "आई, दार उघड," पुढं तीन सेकंद शांतता, त्यात ताईंनी बोलायचं, आणि मग मुलाचं पुढचं वाक्य. पहिला तुकडा ऐकला तेव्हा मी खुर्चीवरून उठून एकटीच टाळ्या वाजवल्या. बाहेर रक्त द्यायला आलेले एक आजोबा काचेतून बघत होते.

पहिले दोन अंक लॅबमध्ये झाले. तिसऱ्या दिवशी लॅबचं तपासणी शिबिर निघालं, म्हणून तिसरा अंक मी सकाळी घरी रेकॉर्ड केला आणि घाईघाईनं कापला. सुकुमारला म्हटलं होतं, तुझ्या आवाजात दे. तो विम्याच्या वसुलीला फिरायचा, म्हणाला, बाई, मला जेवायला वेळ नाही. मग मुलगाही मीच झाले.

फाइली ताईंच्या मोबाइलवर टाकल्या, एक हेडफोन आणला आणि त्यांना एकच नियम घातला: पाठ करायला म्हणून बसायचं नाही. पहिला अंक भाजी निवडताना. दुसरा अंक मैदानाला फेऱ्या मारताना. तिसरा दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना. सकाळी सात दहाचा अलार्म लावला आणि त्याचं नाव ठेवलं, 'आई, दार उघड.' भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज तीन टिका. टीक चुकली तर मला फोन करून कबूल करायचं.

"ही काय शाळा आहे का गं?" त्या म्हणाल्या.

"होय," मी म्हटलं. "आणि बाई मी आहे."

पहिल्यांदा त्यांनी हेडफोन लावला, मी कळ दाबली, आणि काय सांगू! त्या ताठ बसल्या. खांदे मागं गेले, मान डाव्या बाजूला जराशी कलली, हनुवटी वर. ती एक्स्चेंजमधली बसण्याची ढब असणार. "आई, दार उघड," असं कानात आल्याबरोबर त्यांनी उत्तर दिलं. पुढच्या तीन वाक्यांचीही दिली. चौथ्याला अडकल्या, पण घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "पुन्हा लाव."

पाचव्या दिवशी लॅबच्या फोनवर ताईंचा फोन आला. समोर सहा माणसं रिपोर्टसाठी रांगेत उभी. "पद्मे, पहिला अंक ऐक," म्हणाल्या आणि सुरूच झाल्या. मी एका हातानं रिपोर्ट देत, खांद्यात फोन धरून मुलाची वाक्यं म्हणत होते. "आई, तू हे काय चालवलंयस?" असं मी म्हटलं तेव्हा रांगेतल्या बाई दचकल्या. एकही शब्द चुकला नाही. फोन ठेवला आणि त्या दचकलेल्या बाईंना पेढा द्यायचाच बाकी राहिला होता.

सातव्या दिवशी दुसरा अंक झाला. तालमीत सर पहिले दोन अंकच घेत होते, तिसरा त्यांनी दहाव्या दिवसासाठी राखून ठेवला होता. मैदानातल्या फिरणाऱ्या बायका ताईंना विचारायला लागल्या होत्या की तुम्ही रोज कुणाशी भांडता. नवव्या दिवशी तिसऱ्या अंकाचं दीड पान त्यांनी मला घरी म्हणून दाखवलं, हेडफोन लावून, डोळे मिटून. ते वाक्य असं होतं: "लोक येतात ते तेराव्यापर्यंत. चौदाव्या दिवशी माझं दार वाजवणारा हा एकटा होता." मी शंभर वेळा वाचलेलं वाक्य, पण अंगावर काटा आला. मी त्यांना मिठी मारली. त्याच रात्री घरी आरशासमोर केस विंचरताना ते वाक्य मी माझ्या आवाजात म्हणून पाहिलं, हळू, आई-अण्णांना ऐकू जाणार नाही इतकं. चांगलं म्हटलं मी. फार चांगलं म्हटलं.

दहावा दिवस. सरांनी घड्याळ लावलं, मला बजावलं, "पद्मजा, एक शब्द पुरवायचा नाही." मी संहिता मिटून मांडीवर ठेवली.

पहिला अंक लोण्यातून सुरी जावी तसा गेला. दुसऱ्या अंकात सुकुमारच दोनदा चाचपडला आणि ताईंनी त्याला सावरून घेतलं. सरांचा चष्मा डोळ्यांवरच होता. तिसरा अंक सुरू झाला. सुकुमार पुढं आला आणि म्हणाला, "लोक काय म्हणतील, आई?"

इंदूताई थांबल्या.

आधी सगळ्यांना वाटलं, घेतलाय विराम. मग विराम लांबला. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या गोंधळल्या नव्हत्या. मान डावीकडं कललेली, हनुवटी वर, चेहरा शांत. वाक्य विसरलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. त्या वाट बघत होत्या. कशाची तरी वाट बघत होत्या.

आणि मला कळलं. तिसरा अंक मी घरी रेकॉर्ड केला होता. आईनं कुकर लावला होता. बरोबर याच वाक्यानंतर, "लोक काय म्हणतील, आई?" झाल्यावर, कुकरची शिटी झाली होती. कापताना मला ती दिसलीही होती, रेषेवर एक उंच टेकाड. शिबिराची घाई होती, म्हटलं राहू दे, शिटीनं काय होतंय. आणि ताईंनी सात दिवस रोज तीन-चारदा ऐकलं होतं: मुलाचं वाक्य, शिटी, मग आपण. एक्स्चेंजची बाई. टोन आल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्यांच्या हाडांत बसलेलं. त्या शिटीची वाट बघत होत्या, आणि हे त्या वर्गात फक्त मला माहीत होतं.

सरांचा हात चष्म्याकडं गेला.

मग मी शिटी मारली. म्हणजे तोंडानं काढली, कुकरची, दात मिटून, जिवाच्या आकांतानं, शेवटाला वाफ सोडतात तशी.

"लोक येतात ते तेराव्यापर्यंत!" इंदूताई कडाडल्या, आणि पुढं दीड पान धरणाचं दार उघडावं तसं आलं. मध्ये एकदाही श्वास अडकला नाही. सुकुमार हसू दाबायला वळला होता, तो भाषण संपेपर्यंत वळलेलाच राहिला, कारण त्याला रडू यायला लागलं होतं.

संपल्यावर सर माझ्याकडं वळले. हे प्रॉम्प्टिंग झालं, म्हणाले. मी म्हटलं, सर, मी एक शब्दही पुरवलेला नाही. मग सगळा प्रकार सांगावा लागला. इंदूताई चकित होऊन ऐकत होत्या. त्यांना वाटलं होतं ती शिटी मी मुद्दाम घातली आहे, इथून सुरुवात करा म्हणून. सर आधी चिडले, मग टेबलावर डोकं टेकून हसायला लागले, आणि हसता हसताच म्हणाले, "परवा पुन्हा. पण स्पर्धेत मी कुकर लावणार नाही हं."

ती शिटी मी त्याच संध्याकाळी कापली. दुसऱ्या दिवशी सुकुमार वसुली सोडून स्वतःहून लॅबमध्ये आला आणि मुलाची सगळी वाक्यं त्याच्या आवाजात देऊन गेला. ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी ताईंनी सलग नाटक केलं. सरांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाले, तू विंगेतच बरी.

प्रयोग दुपारी साडेतीनचा होता. नाट्यगृह अर्ध्याहून जास्त भरलेलं. मी विंगेत संहिता उघडून उभी होते आणि पहिल्या अंकानंतर ती मिटली. काम नव्हतंच मला. तिसऱ्या अंकात सुकुमारनं विचारलं, "लोक काय म्हणतील, आई?" आणि ताईंनी एक छोटासा श्वास घेतला आणि ते वाक्य इतक्या हळू, इतक्या साधेपणानं म्हटलं की मागच्या रांगेतला कुणाचा तरी खोकला मध्येच थांबला. भाषण संपलं तेव्हा टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. मी विंगेत उड्या मारत होते. पडदा ओढणाऱ्या काकांचा दंड मी इतका घट्ट धरला होता की त्यांनी तो सोडवून घेतला. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नाही, नवऱ्यालाही हे माहीत आहे.

प्रयोगानंतर मेकअपच्या खोलीत गर्दी झाली, ओसरली. शेवटी आम्ही दोघीच उरलो. ताई खोबरेल तेलाचा बोळा घेऊन चेहरा पुसत होत्या आणि मी त्यांच्या साडीच्या पिना काढत होते. आरशात बघतच त्यांनी विचारलं, "पद्मे, त्या दिवशी शिटी मारायच्या आधी किती थांबलीस?"

माझा हात पिनेवर थांबला. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, आईलासुद्धा नाही. त्या वर्गात मला कळलं आणि मी लगेच शिटी मारली, असं नाही झालं. मला कळलं आणि मी गप्प बसले. मी आकडे मोजत होते. एक, दोन, तीन. मला आरशासमोर म्हटलेलं माझं वाक्य ऐकू येत होतं. आणखी थोडं थांबलं की सर चष्मा काढणार होते, आणि मी काहीच केलेलं नसणार होतं, एक शब्दही न पुरवण्याची सरांचीच आज्ञा मी पाळलेली असणार होती.

"सहा आकडे," मी म्हटलं.

"मला सात वाटले."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, एकतीस वर्षं लाइनीवर बसले मी. पलीकडचा माणूस बोलू की नको ठरवत असला की त्याचा श्वास वेगळा ऐकू येतो. तू पहिल्याच बाकावर होतीस." त्यांनी बोळा पालटला. "मला काय अडतंय ते त्या घटकेला मला कळत नव्हतं, पण तुला कळलंय, हे कळलं होतं. म्हणून मी मोजत राहिले. आमच्याकडं आठ रिंगा वाजू द्यायची पद्धत होती. आठवीलाही कुणी उचलला नाही तर लाइन सोडायची. आठला मी सरांना सांगणार होते, काम पद्मजाला द्या."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी म्हटलं, "मला ते काम हवं होतं, ताई. फार हवं होतं."

"ठाऊक आहे की."

"मग तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? सातव्या रिंगेला का होईना, उचललास." त्यांनी बोळा माझ्या हातात दिला आणि मान पुढं वाकवली. "घे, मागचं पूस. माझा हात पोचत नाही."